फुटक्या रांजणातली साल

गोजरबाईच्या हातांना वास येत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक म्हणत, येतो. लोकांचं काय, नाकाला पदर लावायचाच असं एकदा ठरवलं की ते मोगऱ्याच्या वेणीलाही लावतील. ही बाई चाळीस वर्षं हात धूत आली होती. आधी राखेनं, मग शिकेकाईनं, मग लिंबाची फोड चोळून, आणि सणावाराला अंगाच्या साबणानं. नखांच्या कडा धुऊन धुऊन पांढऱ्या पडल्या होत्या. तरी नळावर गेली की बायका घागरी दोन पावलं सरकवून घेत, आणि गोजरबाई मागं उभी राहत असे.

सोलापूरला अक्कलकोट रस्त्याच्या आतल्या अंगाला, ओढ्याकाठी ईश्वरप्पांचा भाजीचा मळा होता. त्या मळ्याच्या अगदी टोकाला, वारा जिकडून मळ्याकडे येणार नाही अशा बाजूला, तिच्या नवऱ्याचे चार खड्डे होते. नवरा कुंडलिक कातडं कमावायचा. जागा ईश्वरप्पांची, वापर ह्यांचा, आणि बदल्यात मळ्याच्या मोटा, नाडे, बैलांचे पट्टे कुंडलिकनं करून द्यायचे, असं दोघांच्या बापांच्या वेळेपासून चालत आलेलं. मोट गेली, विहिरीवर इंजिन आलं, तरी करार तसाच राहिला. कुणी मोडला नाही, कारण मोडायला कुणाला सवड झाली नव्हती.

गोजरबाई दुधनीची, कानडी मुलखातली. तेराव्या वर्षी लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं, कातड्याचं मात्र सगळं येत होतं, कारण माहेरीही तेच. चुन्याच्या खड्ड्यात कातड्याचे केस सुटतात, मग ते धुऊन बाभळीच्या सालीच्या पाण्यात टाकायचं. पण नवं कातडं एकदम ताज्या सालीच्या कडक पाण्यात टाकलं तर ते वरून आवळतं आणि आत कच्चं राहतं. त्याला आधी जुनं पाणी पाजावं लागतं. जुनं पाणी म्हणजे वापरून रंग उतरलेल्या सालीचं, महिनोन्‌महिने मुरलेलं, आंबलेलं पाणी.

ते जुनं पाणी सासूच्या रांजणात तयार होई. मळ्याच्या कडेच्या कडुनिंबापलीकडे, त्यांच्या झोपडीसमोर, तीन दगडांवर तो रांजण ठेवलेला, बुडाला बारीक चीर पडलेली. वरून उतरलेली साल भरायची, सकाळ-संध्याकाळ कळशीभर पाणी घालायचं, आणि चिरेतून थेंब थेंब गळणारं पाणी खालच्या घमेल्यात धरायचं. साल कमी झाली की वरून भर घालायची, पण बुडाची साल कधी काढायची नाही. विरजण जसं मोडत नाहीत, तशी ती बुडाची साल सासूच्याही सासूपासून चालत आली होती. सासूनं मरताना गोजरबाईला पुतळ्या दिल्या नाहीत, त्या धाकटीला दिल्या. हिला रांजण दिला. गोजरबाईला त्याचं वाईट वाटलं होतं, आणि ते बोलून दाखवायला ती कधी लाजली नाही.

"धाकटीच्या गळ्यात सोनं, माज्या गळ्यात ह्यो घाण रांजण," असं ती कुंडलिकला वर्षातून दोनदा तरी ऐकवायची.

तो घाण होता हे खरंच. जवळ गेलं की डोळ्यांत पाणी यायचं. लेक वच्छला माळशिरसला दिलेली, तिच्याकडे जायचं तर गोजरबाई दोन दिवस आधी रांजणाकडे फिरकत नसे. कळशी कुंडलिककडून घालून घेई आणि दोन्ही दिवस न्हाऊन घेई. लेक काही म्हणत नसे. जावई सरकून बसे, तेवढं पुरे होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. माघ महिन्यात ईश्वरप्पांच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं. आधी वाटलं, गाळ असेल. पण गाळ खाली बसतो, हा पिवळेपणा बसेना. तांब्यात घेतलं तर दिसायचं नाही, पांढऱ्या थाळीत घेतलं की करडईच्या फुलासारखा पिवळा रंग चमकायचा. पंधरवड्यात मेथीच्या पानांच्या कडा करपल्या. वांगी धरेनात. ईश्वरप्पा वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून पानं चोळून बघायचे आणि उठताना गुडघ्याऐवजी डोक्याला हात लावायचे.

त्यांच्या भावाची मुलगी रुद्राणी गावातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. घरात एवढं शिकलेली ती पहिलीच, त्यामुळे काका तिला जरा घाबरूनच असत. तिनं बाटलीत विहिरीचं पाणी नेलं, आणि पुढच्या रविवारी येऊन त्यांच्यासमोर काचेच्या नळीत ओतलं. मग एका कुपीतून औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी जांभळं झालं. पिकल्या जांभळाचा रस असावा इतकं जांभळं.

"यात क्रोमियम आहे, काका," ती म्हणाली. "धातू आहे तो. याचे नारिंगी खडे येतात. कापडाचा रंग पक्का करायला वापरतात, कातडं कमवायलाही वापरतात."

आता ईश्वरप्पांना क्रोम हा शब्द कुणी शिकवला असेल तर तो कुंडलिकनंच. कारखान्यात क्रोमचं चामडं दोन दिवसांत तयार होतं, आपल्याला दोन महिने लागतात, त्या क्रोमनं आपला धंदा बसवला, असं तो गेली दहा वर्षं येता-जाता मालकांना सांगत आला होता. त्या सगळ्या रडगाण्याचं फळ त्याला आता मिळालं. ईश्वरप्पा उठले ते थेट मळ्याच्या टोकाला आले. नेहमीसारखे कडुनिंबापाशी थांबले, उपरण्याचं टोक नाकाला लावलं. त्या झाडापलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"कुंडलिक, तू चोरून क्रोम वापरतूस की न्हाय, खरं सांग."

कुंडलिक खड्ड्यात मांडीपर्यंत उभा होता. "मालक, ज्यानं माज्या पोटावर पाय दिला, त्याला मी घरात घीन व्हय?"

"घरात घेटलास का खड्ड्यात घेटलास, मला काय ठाऊक? विहिरीजवळ कातड्याचं काम तुजंच हाय की."

रुद्राणी मागून आली होती. तिनं खड्ड्यातलं पाणी नळीत घेऊन पाहिलं, पण ते इतकं काळपट की त्यात जांभळं काय, काहीच दिसेना. "यावरून सांगता येत नाही," ती म्हणाली. खरं तेच ती बोलली, पण त्या वेळी कुंडलिकला त्याचा काही उपयोग नव्हता.

ईश्वरप्पा वाईट माणूस नव्हते. पण ज्याच्या वाफ्यातली मेथी जळते, त्याला कुणावर तरी चिडावंच लागतं. "पाडव्यापतुर खड्डे बुजव," ते म्हणाले. "जागा मोकळी कर. माजी विहीर गेली की समदंच गेलं."

ते गेल्यावर कुंडलिक बराच वेळ खड्ड्यातून बाहेर आला नाही. साठीच्या उंबरठ्यावर आलेला माणूस. दुसरीकडे खड्डे काढायला जागा कोण देणार? कातडं कमावणाऱ्याला भाड्यानं खोली मिळत नाही, तिथं खड्ड्यांना जमीन कुठली मिळायला? आणि खड्डे गेले तर त्याला दुसरं काय येत होतं? गोजरबाईला हे सगळं न सांगता कळत होतं. तिनं चूल पेटवली, भाकरी थापली, आणि एक भाकरी तव्यावरच करपू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांजणाला पाणी घालायला गेली. पालिकेचा नळ दोन दिवसांआड येत होता, त्यामुळे तीन आठवडे ती विहिरीचंच पाणी घालत होती. आजवर तिनं त्याकडे बघितलं नव्हतं. रोजच्या कामाकडे कोण बघतं? पण काल विहिरीच्या पिवळ्या पाण्यावरून एवढं झाल्यापासून तो पिवळा रंग तिच्या डोळ्यांत भरला होता. कळशीतलं पाणी ओतताना तिला वाटलं, हे असं आपण मालकांच्या विहिरीतून उचलून परत जमिनीतच सोडतोय. म्हणून तिनं वाकून घमेल्यात पाहिलं.

घमेल्यात पिवळं नव्हतं.

ताक ठेवून दिलं की वर निवळी येते, तसं पाणी होतं. तिनं घरातून पांढरी थाळी आणली, त्यात घमेल्यातलं पाणी घेतलं. शेजारी वाटीत कळशीतलं घेतलं. एक पिवळं, एक निवळ. तिनं आणखी एक कळशी आणली, ओतली, आणि चिरेखाली थाळी धरून उकिडवी बसली. भाकऱ्या व्हायच्या होत्या, कातडी उलटायची होती, ते सगळं तिथंच राहिलं. वरून पिवळं जात होतं आणि खालून निवळ येत होतं. मध्ये काय होतं, तर ज्या सालीला ती चाळीस वर्षं शिव्या देत होती ती साल. गोजरबाईच्या अंगावर काटा आला. देवळात घंटा वाजते तेव्हाही तिला असं कधी झालं नव्हतं.

"अवो, हिकडं या," तिनं हाक मारली.

कुंडलिकला आधी पटेना. मग त्यानं स्वतः पाणी आणलं, स्वतः ओतलं, स्वतः थाळी धरली. तीनदा. चौथ्यांदा तो दगडावर बसला. "माजा आजा ह्या रांजणाशेजारी बसून भाकर खायचा," एवढंच तो म्हणाला.

त्याच पावली तो मालकांकडे गेला. गोजरबाई मागं. "मालक, पिवळं पानी माज्या सालीतनं पार होतच न्हाय," तो म्हणाला. "माज्या खड्ड्यांच्या भिंतीत वीतभर साल मुरलीया. मी क्रोम वतलं असतं तरी ते तुमच्या विहिरीत पोचलंच नसतं. तुमी येऊन बघा."

ईश्वरप्पा म्हणाले, "रविवारी रुद्राणी येतीया. तिच्या देखत दाखव. ती म्हनली तर मी मानीन, न्हायतर पाडव्याला आता थोडेच दिवस हायत."

आता गोजरबाईनं जे केलं ते तिनंच करावं. दुसऱ्या कुणा बाईच्या हातून ते झालं नसतं. शनिवारी कुंडलिक साल आणायला बाहेरगावी गेला होता. ती एकटीच रांजणासमोर उभी राहिली, आणि उद्या त्याच्यापाशी ती शिकलेली मुलगी येऊन बसणार हे तिच्या मनात आलं. पांढरं पातळ, हातात घड्याळ. रांजणावर वाकेल आणि नाकाला रुमाल लावेल. सगळं खरं असलं, पाणी निवळ आलं, तरी त्या रुमालापुढं काय चालणार? कुंडलिकचा शब्द वासातच बुडून जाणार. गोजरबाईनं पदर खोचला. अख्खा रांजण उपसला. साल चुन्याच्या निवळीत दोनदा खळबळली, कारण वास मारायला चुन्यासारखं दुसरं काही नाही हे कातडं कमावणाऱ्याच्या घरात पोरालाही ठाऊक असतं. नळाच्या पाण्यात धुतली, उन्हात घातली, रांजण आतून घासला. संध्याकाळी स्वच्छ साल पुन्हा भरली. हात घालून वास घेतला. काहीच येईना. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

बुडाची साल मात्र तिच्यानं धुववेना. सासूची ताकीद होती. ती तिनं पत्र्याच्या डब्यात काढली, वर पोतं टाकलं आणि झोपडीमागं लपवून ठेवली.

रविवारी सकाळी सगळे जमले. सगळे म्हणजे तरी चारच माणसं. ईश्वरप्पा कडुनिंबापाशी, उपरणं नाकाशी. रुद्राणी पातळ सावरून रांजणासमोर दगडावर बसली. कुंडलिकनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. त्यानं कळशी उचलली आणि रांजणात पिवळं पाणी ओतलं. रुद्राणीनं चिरेखाली काचेचं भांडं धरलं.

थेंब पडू लागले. पिवळे.

कुंडलिकला वाटलं, थोडं जाऊ द्यावं. आणखी एक कळशी ओतली. भांडं भरत आलं, आणि जसं वरून ओतलं तसंच खाली आलं होतं. रुद्राणीनं औषधाचे दोन थेंब टाकले. जांभळं.

"परवापतुर येत हुतं," कुंडलिक म्हणाला. "ताई, म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय. हिनं बघितलंय."

ईश्वरप्पांनी मान फिरवली. त्यांनाही ते बघवत नव्हतं. "ऱ्हाऊ दे, कुंडलिक," ते म्हणाले. "पाडव्याला जागा मोकळी कर, म्हंजे झालं."

गोजरबाई भिंतीला टेकून उभी होती. आपल्या हातून काही चुकलं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिला वाटलं, देवानंच पाठ फिरवली. एवढं स्वच्छ केलं, तरी फिरवली.

रुद्राणी उठली नाही. ती ते भांडं नाकाशी नेऊन वास घेत होती. मग रांजणात वाकली आणि तिथंही वास घेतला.

"मावशी," ती म्हणाली, "मागच्या रविवारी मी इथून गेले तेव्हा घरी जाईपर्यंत नाकात वास होता. आज याला कसलाच वास कसा नाही?"

असा प्रश्न गोजरबाईला जन्मात कुणी विचारला नव्हता. वास का येतो असं विचारणारे ढीगभर होते. कुंडलिकनं रांजणात हात घातला, मूठभर साल बाहेर काढली आणि बायकोकडे बघितलं.

"रांजण धुतलास?"

"तुमी येणार म्हनून," गोजरबाई रुद्राणीकडे बघत म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "शिकलेली पोर येणार, तिनं नाक मुरडू नये म्हनून. दोनदा चुन्यात काढली, ताई. लई स्वच्छ केली."

"चुन्यात," रुद्राणी म्हणाली. मग तिनं काकांकडे वळून पाहिलं, पण बोलली गोजरबाईशीच. "मावशी, चुना आंबटपणा मारतो. तुमची साल आंबलेली होती. काम करत असेल तर ते त्या आंबटपणाच्या जोरावर करत असेल. न धुतलेली थोडी तरी उरलीय का?"

गोजरबाईनं डोळे पुसले. डबा झोपडीमागं होता. तो ह्या सगळ्यांसमोर उघडायचा म्हणजे चाळीस वर्षं जे झाकत आलो ते उघडं करायचं. नळावर मागं उभं राहणं त्यापेक्षा सोपं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात ती निर्जीव, स्वच्छ साल तशीच होती. मग ती गेली आणि डबा घेऊन आली.

"तुमाला बसवणार न्हाय, ताई. लई वाईट वास हाय."

"उघडा."

पोतं निघालं. ईश्वरप्पा चार पावलं मागं गेले. रुद्राणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तिनं ते बाहीला पुसलं, पण रुमाल काढला नाही. कुंडलिकनं एका मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, त्यात डब्यातली काळी, बुळबुळीत साल भरली आणि मडकं तिकाटीला टांगलं. ह्या वेळी कळशी गोजरबाईनं उचलली. कुणी सांगितलं नाही, आणि कुणी अडवलंही नाही.

पहिलं पाणी चहाच्या धुवणासारखं आलं. ते रुद्राणीनं फेकून दिलं. दुसरी कळशी ओतली आणि सगळे थांबले. पाणी सालीत जिरायला वेळ लागत होता. मळ्यातलं इंजिन बंद होतं, त्यामुळे थेंबाचा आवाज ऐकू येत होता. भांड्याच्या तळाशी थोडं पाणी साचलं, मग बोटभर, मग चार बोटं. रुद्राणीनं भांडं उचलून उन्हाकडे धरलं.

पलीकडचं कडुनिंबाचं पान त्यातून स्वच्छ दिसत होतं.

तिनं दोन नळ्या काढल्या. एकीत विहिरीचं पाणी, एकीत मडक्यातलं. दोन्हींत औषधाचे दोन दोन थेंब. विहिरीच्या नळीत जांभळा रंग धुरासारखा खाली उतरला आणि सगळी नळी भरून गेली. दुसऱ्या नळीत काहीच झालं नाही. तिनं आणखी दोन थेंब टाकले, नळी हलवली, वाट पाहिली. तरीही काही नाही. ती नुसती त्या नळीकडे बघत राहिली. एवढी शिकलेली मुलगी, पण तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं होतं.

"आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला हेच क्रोम वापरतात," ती हळूच म्हणाली. "रोज मोरीत ओततो आम्ही. चार वर्षं मी माझ्या हातानं ओततेय. ते कुठं जातं, हे मला कधी सुचलंच नाही."

ईश्वरप्पा कधी कडुनिंबापलीकडे आले ते त्यांनाही कळलं नाही. उपरणं खांद्यावरून घसरून मातीत पडलं होतं. ते मडक्याखाली वाकून बघत होते, आणि त्यांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला होता. पिंडीवर गळतं टांगतात, त्याखाली माणूस जसा उभा राहतो तसे ते उभे होते.

"आनकी एकदा वत," ते गोजरबाईला म्हणाले.

तिनं ओतलं. आणखी एकदा, मग आणखी. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती चौघं त्या मडक्याभोवती बसून होती, आणि दर वेळी पिवळं आत जात होतं, निवळ बाहेर येत होतं. कुणी कंटाळलं नाही.

"पर गेलं कुटं ते?" शेवटी गोजरबाईनं विचारलं. तिला राहवेना.

"गेलं नाही, मावशी. सालीनं धरून ठेवलंय. आधी त्याचं विष कमी केलं आणि मग धरून ठेवलं. म्हणून ही साल आता चुलीत घालायची नाही, शेतात टाकायची नाही. आणि हे पाणी दिसायला स्वच्छ आहे, पण प्यायचं नाही. अजून मला पुष्कळ तपासायचंय." मग ती जरा थांबली. "कारखान्यात एवढं करायला मोठमोठी यंत्रं लागतात. तुमच्याकडे एक चिरलेला रांजण होता."

ईश्वरप्पांनी उपरणं उचललं, झटकलं, आणि नाकाला न लावता खांद्यावर टाकलं. "कुंडलिक," ते म्हणाले, "पाडव्याला कुटं जाऊ नगंस. हितंच ऱ्हा. माजं चुकलं." कुंडलिकनं मान हलवली. मालक असं म्हणाल्यावर काय म्हणायचं असतं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. रुद्राणी बाटल्या घेऊन ओढ्याकाठानं वर चालत गेली, आणि कापडाच्या एका रंगखान्याच्या भिंतीमागं पाणी जिरवायचा खड्डा सापडला. तिथला मालक आधी भांडला. मग ईश्वरप्पा त्याच्या पायरीवर तीन दिवस बसून राहिले, तेव्हा नमला. त्याचं पाणी चर काढून कुंडलिकच्या दोन खड्ड्यांतून जाऊ लागलं, आणि त्या खड्ड्यांत आंबवलेली साल भरायचं काम म्हातारपणी कुंडलिकला मिळालं. काही महिन्यांनी त्या सालीवर हिरवट झाक यायची, मग ती काढून विटांच्या पक्क्या खड्ड्यात बंद करायची. विहीर लगेच निवळली नाही. दोन पावसाळे गेले. पण तिसऱ्या वर्षी मेथीच्या कडा हिरव्या राहिल्या. रुद्राणी अधूनमधून येई, काहीबाही लिहून नेई, आणि कधी कधी नुसतीच रांजणापाशी बसे.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी निघताना रुद्राणीनं चप्पल घालता घालता मागं वळून सांगितलं, "मावशी, एक लक्षात ठेवा. आता काही झालं तरी हे धुऊ नका."

रुद्राणीची बस गेली. ईश्वरप्पा मळ्यात गेले. दिवस कलला तशी गोजरबाई नेहमीप्रमाणे विहिरीच्या दगडावर येऊन बसली. शेजारी राखेची वाटी, लिंबाची फोड. दिवसभर तिनं ती साल हातांनी चिवडली होती, डब्यातून काढली होती, मडक्यात दाबली होती. तिनं सवयीनं राख घेतली आणि हात थांबला.

चाळीस वर्षांत तिला धुऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. आई म्हणाली होती, धू. सासू म्हणाली होती, धू. नळावरच्या बायका न बोलता म्हणाल्या होत्या, लेक न बोलता म्हणाली होती. तिला एकदम मोठं रडू आलं, पण ते सकाळसारखं नव्हतं. तिनं राख खाली सोडली. दोन्ही हात हळूच नाकाशी आणले आणि आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम, पोटभर श्वास घेऊन त्यांचा वास घेतला. आंबट होता, उग्र होता. त्यात बाभळीची साल होती, सासू होती, आणि एक विहीर होती.

"अगं, चा ठेव की," कुंडलिकनं झोपडीतून हाक मारली.

"आले," ती म्हणाली, आणि तशीच उठली.